उद्वाहक निरीक्षण

उद्वाहक निरीक्षण : इमारतीत माणसे किंवा माल वर-खाली नेण्यासाठी बसविलेला उद्वाहक, म्हणजेच नित्याच्या बोलण्यातील लिफ्ट, सुरक्षितपणे वापरण्याजोगा आहे की नाही, हे अधिकृत तांत्रिक अधिकाऱ्याने प्रत्यक्ष तपासून ठरविण्याच्या कार्यास उद्वाहक निरीक्षण असे म्हणतात. हे कार्य करणारा अधिकारी तो उद्वाहक निरीक्षक. उद्वाहकाची दुरुस्ती, वंगण वा देखभाल ही निरीक्षकाची कामे नव्हेत. एखादा भाग निकामी झाला, तर अपघात टाळणारा दुसरा भाग खरोखर सज्ज आहे काय, याची खात्री करणे हा त्याच्या कामाचा गाभा होय. उद्वाहकात पाऊल टाकणाऱ्या माणसास दोर, गतिरोधक किंवा दाराचे कुलूप यांपैकी काहीही दिसत नाही. त्याच्या वतीने ते कोणीतरी पाहिलेले असणे आवश्यक असते.

न्यूयॉर्कसारख्या काही परदेशी शहरांत हे काम नगरशासनाच्या इमारत विभागाकडे असते. ग्रेट ब्रिटनमध्ये १९९८ च्या विनियमांनुसार माणसे वाहणाऱ्या उद्वाहकाची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सर्वांगीण तपासणी करवून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. महाराष्ट्रात इमारतीचा नकाशा महानगरपालिका मंजूर करते; परंतु उद्वाहकाचे निरीक्षण राज्य शासनाच्या यंत्रणेकडे असते. या दुहेरी व्यवस्थेचे स्वरूप ठाणे शहरातील वागळे इस्टेट या भागाच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. कारण जुने कारखाने, नवी कार्यालये आणि दाट लोकवस्ती अशा तिन्ही प्रकारच्या इमारती तेथे एकमेकींना लागून उभ्या आहेत.

ऐतिहासिक आढावा : दोराने माल वर ओढण्याची साधने प्राचीन काळापासून प्रचारात होती. मात्र दोर तुटल्यास पाळणा कोसळणार, या भीतीमुळे माणसांच्या वाहतुकीसाठी त्यांचा वापर फारसा होत नव्हता. एलिशा ओटिस या अमेरिकन तंत्रज्ञाने १८५२ च्या सुमारास दोर तुटताच पाळण्यास मार्गदर्शक खांबांवर पकडून धरणारी सुरक्षा-पकड तयार केली आणि १८५४ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात, स्वतः पाळण्यावर उभे राहून व दोर कापवून घेऊन, तिचे प्रात्यक्षिक दाखविले. १८५७ मध्ये त्याच शहरातील एका पाच मजली दुकानाच्या इमारतीत उतारूंसाठी उद्वाहक बसविण्यात आला. १८८० मध्ये व्हेर्नर फोन झीमेन्स यांनी जर्मनीतील मॅनहाइम येथे विजेवर चालणारा उद्वाहक दाखविला. भारतात १८९२ मध्ये कलकत्त्याच्या राजभवनात विजेचा उद्वाहक बसविण्यात आला.

मुंबईत १९३० नंतर बॅकबे भागात बहुमजली निवासी इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि उद्वाहक हे मोजक्या कार्यालयांपुरते साधन न राहता कुटुंबांच्या रोजच्या वापरात आले. त्या दशकाच्या अखेरीस, १९३९ मध्ये, मुंबई प्रांताने उद्वाहकांविषयी स्वतंत्र अधिनियम केला. उद्वाहक बसविण्यापूर्वी शासनाची परवानगी घेणे, बसविल्यानंतर निरीक्षण होऊन अनुज्ञप्ती मिळाल्यावरच तो चालविणे, निरीक्षकास इमारतीत प्रवेश करण्याचा अधिकार असणे आणि अपघात घडल्यास तो कळविणे ही या अधिनियमाची मुख्य सूत्रे होती. त्याखालील सविस्तर नियम १९५८ मध्ये करण्यात आले. या जुन्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ चा नवा अधिनियम केला. त्यात उद्वाहकांबरोबरच सरकते जिने व सरकते मार्ग यांचाही समावेश करण्यात आला.

यंत्रणा : विजेच्या सुरक्षिततेसाठी शासनाने विद्युत निरीक्षक नेमण्याची तरतूद १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमात होती, २००३ च्या विद्युत अधिनियमात ती कलम १६२ अन्वये कायम आहे. महाराष्ट्रात उद्वाहकांचे निरीक्षण याच विद्युत निरीक्षण यंत्रणेशी जोडलेले आहे. निरीक्षक हा मूलतः विद्युत अभियंता असतो; परंतु उद्वाहक हे यंत्र, वीज व वास्तुरचना या तिन्हींचे मिश्रण असल्यामुळे त्यास दोरांची झीज, गतिरोधकांची रचना आणि भिंतींचा ओळंबा यांचेही ज्ञान असावे लागते.

तांत्रिक कसोट्या भारतीय मानकांत दिलेल्या आहेत. आयएस १४६६५ हे मानक पाच भागांत असून त्याचा तिसरा भाग सुरक्षा-नियमांचा, तर पाचवा भाग निरीक्षणाच्या पद्धतीचा आहे. आंतरराष्ट्रीय मानकांशी मिळतेजुळते असे आयएस १७९०० हे मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. महानगरपालिकेचा संबंध याहून वेगळा आहे. इमारतीस उद्वाहक किती असावेत, त्यांची जागा कोठे असावी, हे विकास नियंत्रण नियमावलीनुसार नकाशा मंजूर करताना पाहिले जाते. अग्निशमन दलास आगीच्या वेळी वापरता येईल अशा उद्वाहकाचा विचार अग्निसुरक्षेच्या नियमांखाली होतो. सर्व काम पूर्ण झाल्यावर महानगरपालिका भोगवटा प्रमाणपत्र देते.

वागळे इस्टेट परिसर : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत ठाण्याच्या पश्चिमेकडील वागळे इस्टेटची गणना होते. यंत्रसामग्री, विजेची उपकरणे, औषधे इत्यादींचे कारखाने येथे उभे राहिले. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व शेजारच्या कल्याणची महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली, तेव्हा हा कारखानदारीचा पट्टा भरात होता. पुढे अनेक कारखाने बंद पडले किंवा अन्यत्र गेले आणि त्यांच्या भूखंडांवर माहिती तंत्रज्ञानाची व इतर व्यवसायांची बहुमजली संकुले उभी राहिली.

या बदलाचा उद्वाहकांच्या कायद्याशी थेट संबंध आहे. कारखान्यातील मालवाहू उद्वाहकांस १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २८ लागू होते. सक्षम व्यक्तीने दर सहा महिन्यांतून किमान एकदा उद्वाहकाची कसून तपासणी करावी, उचलावयाचा कमाल भार त्यावर ठळकपणे लिहिलेला असावा आणि पाळणा मजल्याशी असल्याखेरीज फाटक उघडू नये, असे त्या कलमाने ठरविले होते. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत हा अधिनियम समाविष्ट करण्यात आला. कारखान्यात उद्वाहक वापरणारे कामगार संख्येने थोडे व यंत्राशी परिचित असतात. तीच इमारत कार्यालयांसाठी वापरली जाऊ लागली, म्हणजे दररोज शेकडो अनोळखी माणसे त्यातून ये-जा करतात. मालासाठी बांधलेला उद्वाहक माणसांसाठी चालत नाही. त्याची दारे, गती, थांब्याची अचूकता व धोक्याची सूचना देणारी साधने यांच्या कसोट्या निराळ्या असतात. जुन्या इमारतीच्या नव्या वापरात हा फरक दुर्लक्षिला जाऊ नये, हे पाहणे निरीक्षकाचे काम ठरते.

वसाहतीला लागून असलेल्या किसननगर भागात चार-पाच मजली इमारती दाटीने उभ्या राहिल्या. त्यांतील रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या जिनाच चढत आले. तेथे समूह पुनर्विकास योजनेच्या कामास २०२३ मध्ये आरंभ झाला. अशा योजनांतून उंच इमारती उभ्या राहतात, तेव्हा उद्वाहक ही सोय न राहता घरी पोहोचण्याचे एकमेव व्यवहार्य साधन बनते. वीस मजल्यांवर राहणाऱ्या वृद्धाच्या किंवा रुग्णाच्या दृष्टीने बंद उद्वाहक म्हणजे बंद रस्ताच होय.

रचना व धोक्याचे स्वरूप : सर्वसाधारण उद्वाहकात पाळणा पोलादी तारांच्या दोरांनी खोबणीदार चाकावरून टांगलेला असतो व दोरांच्या दुसऱ्या टोकास समतोल भार असतो. भारतीय मानकात एका माणसाचे सरासरी वजन ६८ किग्रॅ. धरलेले आहे. त्यामुळे पाळण्यातील पट्टीवर चार माणसांसाठी २७२, सहांसाठी ४०८ व आठांसाठी ५४४ किग्रॅ. असे आकडे दिसतात. समतोल भाराचे वजन सामान्यतः रिकामा पाळणा अधिक कमाल भाराचा सु. निम्मा भाग इतके ठेवतात. म्हणजे आठ माणसांच्या उद्वाहकात चार माणसे असताना दोन्ही बाजू जवळजवळ समतोल असतात. पाळणा रिकामा असताना मात्र समतोल भाराची बाजू सु. २७२ किग्रॅ. ने जड असते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. दोर तुटून पाळणा कोसळेल, ही सर्वसामान्य माणसाची भीती वस्तुस्थितीस धरून नाही. दोर एकाहून अधिक असतात आणि त्यांची एकत्रित ताकद प्रत्यक्ष भाराच्या अनेक पट ठेवलेली असते. शिवाय पाळण्याची खाली येण्याची गती प्रमाणाबाहेर वाढली, तर गतिनियामक सुरक्षा-पकडीस कार्यान्वित करतो; ही मर्यादा नेमून दिलेल्या गतीच्या किमान ११५ टक्के असते. खरा धोका गतिरोधक सैल होण्यात असतो. गतिरोधक सुटला आणि पाळण्यात एक-दोनच माणसे असली, तर पाळणा खाली न पडता वर जाऊ लागतो. केवळ खाली जाणाऱ्या पाळण्यास अडविणारी जुनी सुरक्षा-पकड येथे उपयोगी पडत नाही. म्हणून नव्या मानकांत वरच्या दिशेने होणाऱ्या अतिगतीपासूनही संरक्षण आवश्यक मानलेले आहे.

दुसरा व अधिक नेहमीचा धोका दारांचा होय. पाळणा मजल्यावर नसताना बाहेरचे दार उघडले, तर माणूस थेट कूपात, म्हणजे पाळण्याच्या उभ्या मार्गात, पडू शकतो. दार उघडे असताना पाळणा हलला, तर माणूस उंबरठ्यावर चिरडला जाऊ शकतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक मजल्याच्या दारास यांत्रिक कुलूप व त्याला जोडलेला विद्युत स्पर्शक असतो. कुलपाची जीभ पुरेशी आत गेल्याखेरीज मंडल पूर्ण होत नाही व पाळणा हलत नाही. नव्या मानकांनुसार ही जीभ किमान ७ मिमी. आत गेलेली असावी लागते. एवढ्याशा अंतरावर सबंध इमारतीची सुरक्षितता अवलंबून असते.

निरीक्षणाची पद्धत : निरीक्षणाच्या वेळी देखभाल करणाऱ्या ठेकेदाराचा तंत्रज्ञ हजर असावा लागतो, पाळणा तो चालवितो व निरीक्षक पाहतो. आरंभ बहुधा गच्चीवरील यंत्रकक्षापासून होतो. कक्ष कुलूपबंद, हवेशीर व कोरडा आहे काय, मुख्य स्विच हाताशी आहे काय, भूसंपर्कन योग्य आहे काय, हे प्रथम पाहतात. यंत्रकक्षाचा उपयोग कोठारासारखा करू नये असा दंडक आहे. तथापि जुने फर्निचर, रंगाचे डबे किंवा गणेशोत्सवाच्या आराशीचे सामान तेथे ठेवलेले असणे दुर्मिळ नाही. त्यानंतर गतिरोधकाच्या अस्तराची झीज, चाकाच्या खोबणी, दोरांवरील सारखा ताण आणि तुटलेल्या तारांची संख्या तपासतात. दोराची तार बाहेरून एखाद-दुसरी तुटणे हे वयाचे लक्षण होय. एका पिळाच्या लांबीत अशा तारा वाढू लागल्या, तर सर्व दोर एकदमच बदलावे लागतात. एकच नवा दोर जुन्यांबरोबर घातल्यास त्यांवर ताण सारखा पडत नाही.

पुढील टप्प्यात निरीक्षक पाळण्याच्या छतावर उभा राहून मंद गतीने संपूर्ण कूपातून प्रवास करतो. येथे सैल कपडे वर्ज्य असतात, थांबा-कळ हाताशी ठेवावी लागते आणि ‘वर’, ‘खाली’, ‘थांबा’ हे शब्द तंत्रज्ञाने उलट उच्चारल्यावरच हालचाल केली जाते. मार्गदर्शक रुळांचे जोड, समतोल भाराची चौकट, लोंबती विद्युत केबल व प्रत्येक दाराचे कुलूप आतील बाजूने पाहण्याची हीच वेळ असते. प्रत्येक मजल्यावर दार बाहेरून ओढून पाहतात. पाळणा चालू असताना दार किंचित उघडल्यास तो तत्काळ थांबला पाहिजे.

शेवटी कूपाच्या तळाशी असलेला खड्डा तपासतात. पाळण्यास आधार देणारे आघातशोषक, खड्ड्यातील थांबा-कळ व शिडी यांची पाहणी येथे होते. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात पावसाळ्यात अनेक इमारतींच्या खड्ड्यांत पाणी साचते. त्यामुळे आघातशोषक गंजतात, विद्युत जोडण्यांत पाणी शिरते आणि तळमजल्यावर उतरणाऱ्या पाळण्यास विजेचा धोका उत्पन्न होतो. नवीन उद्वाहकाची किंवा मोठ्या दुरुस्तीनंतरची चाचणी घेताना कमाल भाराच्या १२५ टक्के वजन ठेवून गतिरोधक पाळण्यास धरतो काय, हेही पाहतात. पाळण्यातील धोक्याची घंटा, वीज गेल्यावर लागणारा दिवा व अतिभाराची सूचना यांची परीक्षा सर्वांत सोपी. परंतु अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची ठरते.

निर्णयाचा प्रश्न : निरीक्षकाच्या कामातील सर्वांत अवघड भाग तपासणीनंतर येतो. काही दोष मुदत देऊन दुरुस्त करवून घेता येतात. काही दोष असे असतात की, उद्वाहक त्याच क्षणी बंद करणे भाग असते. दाराच्या स्पर्शकास वळसा देऊन जोडलेली तार हे दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. एखाद्या मजल्याचे कुलूप वारंवार बिघडून उद्वाहक सारखा बंद पडू लागला, म्हणजे रहिवाशांची तक्रार मिटविण्यासाठी तंत्रज्ञ तात्पुरती तार जोडतो. उद्वाहक सुरळीत चालू लागतो, तक्रार थांबते आणि तार तशीच राहते. वरवर पाहता उद्वाहकाची स्थिती सुधारलेली असते. प्रत्यक्षात त्याचे सर्वांत महत्त्वाचे संरक्षण नाहीसे झालेले असते. चालणारा उद्वाहक व सुरक्षित उद्वाहक यांतील हा भेद ओळखणे, हेच निरीक्षणाचे प्रयोजन होय.

उद्वाहक बंद करण्याच्या आदेशाने रहिवाशांची गैरसोय होते आणि त्यांचा रोष निरीक्षकावर ओढवतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार उद्वाहकाच्या देखभालीचा खर्च, तो कोणी वापरो वा न वापरो, त्या इमारतीतील सर्व सभासदांनी सारखा वाटून घ्यावयाचा असतो. तळमजल्यावरील सभासदास हा नियम जाचक वाटतो व दोर किंवा दारे बदलण्याचा मोठा खर्च सभेत पुढे ढकलला जातो. अशा वेळी निरीक्षकाचा लेखी अभिप्राय हाच पुष्कळदा निर्णयास कारण होतो. अभिप्राय मोघम असेल, तर तो खर्च आणखी एक वर्ष लांबतो. मजला, भाग व दोष यांचा स्पष्ट उल्लेख असेल, तर तो टाळणे कठीण जाते.

मर्यादा : निरीक्षण हे वर्षातील एखाद्या दिवसाचे असते, उद्वाहक मात्र रोज शेकडो फेऱ्या करतो. त्यामुळे अनुज्ञप्ती म्हणजे पुढील काळाची हमी नव्हे. दरमहा होणारी देखभाल, तिची नोंदवही आणि दोष दिसताच उद्वाहक बंद ठेवण्याची मालकाची तयारी यांवरच दोन निरीक्षणांमधील सुरक्षितता अवलंबून असते. त्याचप्रमाणे बांधकाम चालू असताना कामगारांसाठी वापरली जाणारी उत्थापक साधने ही पूर्ण झालेल्या इमारतीतील उद्वाहकांहून वेगळी असून त्यांच्या सुरक्षिततेचा विचार बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्यांखाली होत आला आहे. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकुम भागात बांधकाम चालू असलेल्या एका उंच इमारतीतील असा उद्वाहक कोसळून सात कामगार मृत्युमुखी पडले. इमारतीत राहावयास येणाऱ्यांच्या उद्वाहकाइतकीच ती इमारत उभारणाऱ्यांच्या उद्वाहकाचीही कसून तपासणी होणे किती अगत्याचे आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

वापरणाऱ्यांनी पाळावयाची पथ्ये थोडी पण निर्णायक आहेत. पाळणा दोन मजल्यांमध्ये अडकला असता दार बळाने उघडून बाहेर उडी घेऊ नये. पाळण्याचा तळ व मजला यांमधील फटीतून कूपात पडण्याचा धोका असतो. बंद पाळण्यात हवा खेळती राहते व गुदमरण्याचे भय सामान्यतः नसते. म्हणून घंटा वाजवून प्रशिक्षित माणसाची वाट पाहणे हाच सुरक्षित मार्ग होय. आग लागली असता सामान्य उद्वाहक वापरू नये. बाहेरचे दार उघडल्यावर पाळणा समोर आहे हे पाहिल्याखेरीज पाऊल टाकू नये. जुन्या इमारतींतील हाताने उघडावयाच्या दारांच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक असते. पाळण्यात अनुज्ञप्तीची मुदत व कमाल भार दर्शविणारी पट्टी नसेल, तर तिची विचारणा करण्याचा रहिवाशांना पूर्ण अधिकार आहे. अशी विचारणा होत राहते, तेथे निरीक्षकाचे काम हलके होते व बहुतेक दोष तो येण्यापूर्वीच दूर झालेले असतात.